चार महिन्यांच्या बाईचा रुसवा

माझी नात चार महिन्यांची असताना एका रविवारी भर दुपारी तिने आईच्या अंगावर पिणं सोडून दिलं.

सोडून दिलं म्हणजे कसं, ते इथे करून दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. आईने जवळ घेतलं की पाठीची कमान करायची, मान मागे टाकायची, दोन्ही मुठी हनुवटीखाली आणायच्या आणि ओठ असे मिटायचे, जणू आत कुणाची ठेव ठेवली आहे. मग रडायचं. रडताना तोंड उघडं, म्हणून आईने आशेने पुन्हा जवळ न्यावं, तर परत कमान. मी शाळामास्तरीण आहे. नाही म्हणणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. पण पाटीला नाही म्हणणारी, अंघोळीला नाही म्हणणारी. भुकेने व्याकूळ होऊन, समोर दूध असताना, दुधालाच नाही म्हणणारी ही पहिली.

आमचा तांडा मुकुटबनपासून फार लांब नाही. पंचवीस-तीस घरं, मधे कडुनिंब, चारी बाजूंनी कपाशी आणि तूर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख फिरायचे. आम्ही आता एका जागी बसून कापूस पिकवतो आणि फिरायचं काम फक्त तोंडाला देतो. घरी आमचं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत चालतं, सुनेशी आणि बाहेरच्यांशी वऱ्हाडीत. वाचणाऱ्याची सोय म्हणून मी सगळ्यांनाच वऱ्हाडीत बोलायला लावलं आहे, त्याबद्दल घरच्यांनी राग मानू नये.

घरात आम्ही चार माणसं. मी. माझे यजमान, जे दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात. माझी सासू, जिला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. आणि मुलगा, जो वणीला नोकरी करतो आणि शनिवारी येतो. सून बाळंतपणाला यवतमाळला माहेरी गेली होती. चार महिने आम्ही नातीला फोनच्या काचेवर पाहत होतो. याडी त्या काचेवरूनच तिच्या गालाला हात लावायची आणि फोन बंद पडायचा.

तर तो रविवार म्हणजे सून-नात घरी येण्याचा रविवार. आणि इथे मला माझा गुन्हा सांगितला पाहिजे.

याडीच्या लग्नातली कांचळी आणि फेटिया आमच्या लोखंडी पेटीत आहेत. फेटिया म्हणजे घेरदार घागरा आणि कांचळी म्हणजे अंगात घालायची चोळी, पण चोळी म्हटलं तर तिचा अपमान होईल. तिच्यावर आरसे आहेत, कवड्या आहेत, जुनी नाणी आहेत, लाल-पिवळ्या दोऱ्यांची अशी दाट वीण आहे की मूळ कापड कुठलं ते कुणाला सांगता येत नाही. कानशिलांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या वेगळ्याच. मी स्वतः ती लग्नात घातली नव्हती. तेव्हा आम्हाला साडीचं वेड होतं. पण चार महिने वाट पाहता पाहता माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं. आरशाआरशातून ऊन उडतं आहे, सून दारात उभी आहे, कडेवर नात आहे, बायका गाणं म्हणतायत. हे चित्र मी इतक्या वेळा मनात रंगवलं होतं की ते घडून गेलेलं आहे असंच मला वाटायचं.

गाडी आली. सून उतरली. मी तिला पाणी द्यायच्या आधी पेटी उघडली.

"आई," ती म्हणाली, "मले हे सांभाळता येईन का हो? लई जड दिसते."

"फोटोपुरतं, बेटा. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं दहा वाजता सुरू झाली आणि दोन वाजता संपली. सगळा तांडा लोटला. प्रत्येकीला फोटोत यायचं होतं आणि आलेल्या प्रत्येकीला पुन्हा यायचं होतं. मी सूत्रसंचालन करत होते. नात रडायला लागली, भूक लागली होती, तेव्हा सून म्हणाली, "आई, बदलून येते." आणि मी, ही मी, म्हणाले, "कायले बदलतं? ओढणीखाली घे असंच. किती शोभून राह्यलं पाय ना!"

तिने घेतलं. नात प्यायला लागली. वर घुगऱ्या लोंबत होत्या, गालाशी कवड्या टोचत असतील, चहूकडून गाणं. एवढ्यात कुणीतरी उत्साहाने थाळीवर चमचा हाणला. नातीने दचकून हिरड्या अशा आवळल्या की सून "आई गं!" म्हणून किंचाळली.

गाणं थांबलं. नातीने तोंड सोडलं आणि आईकडे पाहिलं. आरशांनी मढलेली, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना चांदी हलवणारी, ओरडणारी ही बाई कोण, असं तिने फार वेळ पाहिलं. खालचा ओठ हळूहळू पुढे आला. आणि मग जे रडणं निघालं ते संध्याकाळपर्यंत पुरलं.

तेव्हापासून रुसवा.

पहिला निकाल याडीने दिला. "नजर लागली. गावभर बाया गोळा केल्या तं लागनच ना." सुक्या मिरच्या आणि मीठ मुठीत घेऊन मी नातीवरून उतरवलं. अशा कामात मी जीव ओतते. मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही तर नजर होती, लागला तर नव्हती, असा आमच्याकडचा नियम. आम्ही सगळे असे खोकलो की यजमान अंगणात पळाले, शेजारचं कुत्रं शिंकायला लागलं. याडी डोळे पुसत म्हणाली, "नजर नाही. दुसरं काहीतरी पाहा."

दुसरं म्हणजे सोमवारी सकाळी विहीणबाईंचा फोन. मुलाने वणीला परत जाताना सासुरवाडीला बातमी पोचवली होती.

"ताई, आमच्या इकडं तं घटाघटा पीत होती हो."

"हो ना. गाडीचा धक्का बसला असन, विहीणबाई."

"गाडीत तं झोपून होती म्हणे सारा रस्ता."

"मग हवा बदलली."

"हवा," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांनी आमचा सबंध तालुका तोलून खाली ठेवला.

मी फोन ठेवला आणि सुनेकडे गेले. ती खाटेवर बसली होती, नात मांडीवर. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. नात रडली की हिच्या ब्लाउजवर दोन ओले गोल उमटायचे आणि वाढत जायचे. दूध बिचारं हाक आली की धावत होतं.

"आई," ती म्हणाली, "मी तिले नको झाली का हो?"

ही मुलगी बी.ए. झालेली, मोटरसायकल चालवणारी, लग्नात माझ्या भावाला उलट उत्तर देणारी. तिच्या तोंडून हा आवाज मी ऐकला नव्हता. तोवर मी या प्रकाराकडे नातीचं एक नाटक म्हणून पाहत होते आणि मनातून, खोटं कशाला बोलू, थोडी कौतुकाने पाहत होते. त्या आवाजाने माझं कौतुक जागीच गोठलं. पोर उपाशी राहील ही भीती होतीच, पण त्याखाली दुसरी एक होती. चार महिने जे या दोघींनी मिळून जमवलं होतं, ते माझ्या अंगणात मोडलं होतं, आणि ते परत जुळलं नाही तर ही मुलगी आयुष्यभर स्वतःला नकोशी समजेल.

शेजारणी येऊन जाऊन होत्याच. "शहरातली हाय ना, पोट्टीले वरचं दूध पाहिजे असन." "बाटली आणा, दोन मिनिटाचं काम." "दूध कडू झालं असन, चाखून पाहा." सुनेने खरंच एक थेंब चाखून पाहिला. "गोड आहे," ती इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणाली, की त्या शेजारणीला मी त्याच पावली तिच्या घरापर्यंत पोचवून आले.

त्या दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी नातीचं तोंड पाहिलं, कान पाहिले, छाती तपासली. ताप नाही, नाक चोंदलेलं नाही, तोंड आलेलं नाही. वजनही बरं भरलं. परत येताना रस्त्यात आमच्या आशाताई भेटल्या. या शेजारच्या गावच्या. गेली कितीतरी वर्षं आमच्या तांड्यातली प्रत्येक बाळंतीण यांच्या वहीत आहे. त्या घरी आल्या, चहा घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला, "लंगोट ओले होऊन राह्यले ना?"

"हो, होतात. रातभर दूध काढून थेंब थेंब चाटवलं."

"मंग भिऊ नका. लेकरू कधीकधी असं रुसते. दोन दिवस, चार दिवस, कधी आठ. रुसते म्हणजे सोडलं नाही." मग त्या सुनेकडे वळल्या. "बाटली देऊ नको. तिले थे सोपं पडन अन् मंग हे विसरन. हातानं दूध काढत राय दर दोन-तीन तासांनी, नाही तं आटन. वाटी-चमच्यानं पाज. पण तिच्या मागं लागू नको. बळंच तोंडाशी नेशीन तं अजून भांडन. नुसती उघड्या अंगावर घेऊन पडून राय. पाजायचं नावच काढायचं नाही. गुंगीत आली की हळूच जवळ न्यायचं. झोपीत कोणी भांडत नाही."

हे मला पटलं. माझं आणि यजमानांचंही असंच आहे.

तर मग आमच्या घरात एक वेगळाच काळ सुरू झाला. मंगळवारचा दिवस मला आता नीट आठवत नाही, धुक्यातून आठवतो. सकाळी खरंच धुकं होतं. तुरीची पिवळी फुलं त्यात तरंगत होती. मी शाळेला रजा टाकली होती. सून मोरीच्या उंबऱ्याशी बसून वाटीत दूध काढायची. वाटीच्या तळाशी पडणारी ती बारीक धार, मग तो आवाज हळूहळू मऊ होत जायचा, कारण दूध दुधावर पडायला लागायचं. मग चमचा. नात चमच्याने अगदी राणीसारखी प्यायची, एकेक चमच्यानंतर जीभ फिरवून दाद द्यायची. तेच दूध, तीच आई. पण मधे चमचा पाहिजे.

उरलेला वेळ दोघी पडून असायच्या. नात नुसत्या लंगोटात, आईच्या उघड्या छातीवर पालथी, वरून याडीची जुनी शाल. पण आमचं घर म्हणजे चौकातलं दुकान. कुणी विळा मागायला, कुणी विचारपूस करायला, कुणी नुसतंच. दार वाजलं की नातीचं डोकं वर.

आणि याच दिवशी मी सुनेचे कपडे धुवायला घेतले. रविवारचा आतला ब्लाउज नाकाशी आला आणि माझे हात पाण्यातच थांबले.

डांबरगोळ्या.

पेटीत मी दर वर्षी मूठभर टाकते. कसर लागू नये म्हणून. वर्षानुवर्षं त्या कांचळीने तो वास पिऊन ठेवला होता आणि चार तासांत सुनेच्या अंगाला, केसांना, मानेला देऊन टाकला होता. मला कळला नाही, कारण माझ्या नाकाला तो सणाचा वास वाटतो. नातीच्या नाकाला मात्र आईचा वासच नाहीसा झाला होता. आई अशी एकाएकी पेटी झाली होती.

मी शहाण्या बाईने तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी पेटीतल्या सगळ्या गोळ्या काढल्या, लांब खड्ड्यात पुरल्या, कांचळी उन्हात टाकली, गोधड्या, शाल, उशा सगळं साध्या पाण्यातून काढलं, आणि जेवताना पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाले, "गाडीचा धक्काच असन." यजमानांनी ताटातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसाचं एक वाक्य वाचवलं.

बुधवारी सकाळी मात्र राहवलं नाही. मी सुनेला म्हटलं, चल, तुझं डोकं धुऊन देते. साबण नाही, तेल नाही, नुसतं गरम पाणी आणि रिठा. ती पाटावर बसली, मी मागे तांब्या घेऊन. तोंड दिसत नसलं की गुन्हा कबूल करायला बरं पडतं. मी सगळं सांगितलं. गोळ्या, पेटी, माझा हट्ट, विहीणबाईंशी मारलेल्या थापा. केसांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता ही उठेल आणि यवतमाळची गाडी विचारेल.

"आई," ती खाली पाहतच म्हणाली, "वास तं मले तेव्हाच आलता. मळमळतही होतं. पण तुम्ही इतक्या खूश दिसून राह्यल्या होत्या, मी बोलली नाही."

मी तांब्या खाली ठेवला.

"अन् वासाचं नाही हो ते," ती पुढे म्हणाली. आता रडत होती. "मी वरडली ना तिच्यावर. इतक्या जोरात. तिनं कसं पाह्यलं मायाकडं. तेच बसलं तिच्या मनात. मी कोणाले सांगितलंच नाही, सारे वास-नजर करून राह्यले होते तं मले बरं वाटत होतं."

म्हणजे तीन दिवस एका घरात दोन चोर राहत होते आणि दोघीही तिसऱ्याच चोराचा शोध घेत होत्या. मला हसू आलं. ते दाबायला गेले तर नाकातून निघालं. ती वळून पाहायला लागली, ओले केस, लाल डोळे, आणि तीही हसली. मग आम्ही दोघी मोरीत बसून अशा हसलो की याडी काठी टेकत आली. "काय झालं? पेली का पोरगी?"

"नाही, याडी."

"मंग हसून कायले राह्यल्या?"

आणि खरंच, कबुलीने माझ्या मनाचं काम झालं तरी नातीचं काही झालं नाही. अकरा वाजता, धुतलेल्या अंगाने, माहेरून आणलेल्या जुन्या सुती गाऊनमध्ये, सुनेने हळूच जवळ घेतलं. कमान. मूठ. ओठ बंद. सून उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "एवढ्या वाट्या किती दिवस भरू मी?" असं ती भिंतीला विचारत होती. सकाळच्या वाटीत नेहमीपेक्षा कमी दूध आलं होतं, ते आम्ही दोघींनी पाहिलं होतं आणि बोललो नव्हतो.

मला तेव्हा बैठकीची खोली सुचली.

आमच्याकडे वेचणी झाली की कापूस घरात येतो. माणसं स्वयंपाकघरात आणि पडवीत सरकतात आणि कापूस बैठकीत बसतो. त्या वर्षी तो आढ्यापर्यंत चढला होता, दारापाशी फक्त दोन खाटांएवढी जागा. त्या खोलीत गेलं की पहिल्यांदा आपल्याच पायांचा आवाज जातो. मग अंगणातल्या कोंबड्या जातात, मग तांड्यातले रेडिओ, मग मागच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर. कापूस सगळे आवाज खाऊन टाकतो. वरच्या झरोक्यातून ऊन आत येतं आणि त्या पांढऱ्या डोंगरावर पसरून इतकं मवाळ होतं, की दूध सांडल्यासारखं दिसतं. हवेत एखादा तंतू तरंगतो. खाली यावं का, याचा विचार करतो, आणि यायचं विसरतो.

मी तिथल्या मोकळ्या जागेत दोन गोधड्या टाकल्या. अंगाला खाज सुटेल म्हणून वर जाड सतरंजी. सुनेला टेकायला उशा. नातीला चमच्याने थोडंसंच दूध दिलं आणि आईच्या छातीवर ठेवलं. याडीला मी दाराबाहेर बसवलं, काठी आडवी देऊन. "याडी, कोणी आलं तं?"

"आलं तं पाय मोडीन."

"हळू आवाजात."

"हळू आवाजात मोडीन."

दार लोटलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले, कापसाला पाठ लावून. सून काही म्हणत नव्हती, गात नव्हती, आशाही करत नव्हती. नातीच्या पाठीवरून तिचा हात वर-खाली जात होता आणि प्रत्येक फेरीला जरा अधिक सावकाश होत होता. तीन दिवसांची दमलेली पोर ती. हात थांबला. तिचा श्वास लांब झाला. नातीचाही. मला वाटतं माझाही झाला असावा, कारण त्यानंतर मी जे पाहिलं ते जागेपणी की झोपेत, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कापसाचा ढीग मला श्वास घेताना दिसला. आमचे सगळे जुने बैल, पाठीवर गोण्या घेऊन, त्या पांढऱ्या टेकाडावरून ओळीने उतरत होते, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटांना आवाज नव्हता. कुणी कुठे निघालं नव्हतं. कुणाला उशीर झाला नव्हता.

मग एक बैल पाणी पिऊ लागला. लांब. घट, घट, थांबून घट.

मी डोळे उघडले.

सून झोपलेली होती, मान एका बाजूला, तोंड थोडंसं उघडं. नात तिच्या अंगावरून कधीतरी घसरून कुशीत आली होती. गाऊन मोकळाच होता. डोळे मिटलेले, एक मूठ उघडून आईच्या बरगडीवर पसरलेली, आणि गालाला ती खळी, जी फक्त एकाच कामात पडते. घट. थांबून घट. ती पीत होती. कुणी नेलं नव्हतं, कुणी दिलं नव्हतं. झोपेतच वाट शोधत गेली होती.

मी श्वास धरला. हे लिहिताना सोपं आहे. माझ्यासारख्या बाईला, जिला साधी साखर स्वस्त झाली तरी सात घरांत जाऊन सांगावं लागतं, तिला ही एवढी बातमी पोटात ठेवून, हात न हलवता, कापसाला टेकून बसायचं होतं. वर मानेला खाज सुटली. खाजवता येत नाही.

आणि बरोबर त्याच वेळी दार वीतभर उघडलं आणि यजमानांचं तोंड दिसलं. त्यांच्या मागे अंगणात कापूस न्यायला आलेली गाडी उभी होती. त्या खोलीत इंजीन काय, तोफही ऐकू आली नसती. चार हमाल पाट्या घेऊन तयार. याडी काठी आडवी धरून आपल्या या मुलाच्याच पायाकडे पाहत होती.

मी खुणा केल्या. आधी नातीकडे बोट, मग माझ्या ओठांकडे, मग गिळल्यासारखा घसा हलवला, मग तळहाताने थांबा. मला वाटतं, इतका स्वच्छ मूकाभिनय आमच्या तालुक्यात झाला नसेल. यजमानांनी मान डोलावली, नाहीसे झाले, आणि चवड्यांवर चालत माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

तांब्या ठेवायला वाकले तेव्हा त्यांना दिसलं. ते तसेच वाकलेले राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी सांगणार नाही. ते एवढं कमी बोलतात, तेवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. मग ते मागे मागे चालत बाहेर गेले, आणि दाराच्या फटीतून मला तुटक तुटक ऐकू आलं.

"बसा बे. गाडी बंद करा."

"काय झालं, काका?"

"लेकरू पिऊन राह्यलं."

"अन् कापूस?"

"कापूस कुठं जाते?"

फटीतून मला कडुनिंबाखाली ओळीने बसलेली चार माणसं दिसत होती, पाट्या पालथ्या मांडीवर, शाळेतल्या शहाण्या पोरांसारखी. एकाचा मोबाईल वाजला. तो पोटाशी दाबून तुरीत पळाला. याडी त्याच्याकडे पाहून समाधानाने मान हलवत होती.

सून जागी झाली ती दचकून नाही. आधी तिच्या कपाळाला कळलं, मग डोळे उघडले. खाली पाहिलं. मग माझ्याकडे. ओठ हलले, "आई, पिऊन..."

मी डोळ्यांनीच म्हटलं, गप.

पण नातीला कळलं असावं. तिने तोंड सोडलं आणि डोळे उघडले. आता ती जागी होती. पूर्ण. आशाताईंचं झोपेचं औषध संपलं होतं. ती आईच्या तोंडाकडे पाहायला लागली, रविवारी पाहिलं होतं तसंच, फार वेळ. गालावर दुधाचा एक ओघळ कानाकडे निघाला होता. सुनेचा चेहरा मला दिसत होता. तो हसत नव्हता, रडत नव्हता, काही मागत नव्हता. ओले केस सुटून दोन्ही बाजूंना पडले होते. नातीने हात वर केला, आईच्या खालच्या ओठात बोटं घातली आणि ओठ धरून ओढला, जणू हा तोच आहे ना, खरा आहे ना, नीट बसवला आहे ना. मग बिनदातांचं मोठं हसली. आणि डोळे उघडे ठेवून, आईकडे पाहत पाहत, स्वतःच वळली आणि पुन्हा प्यायला लागली.

सून आवाज न करता रडली. तिचं पोट हलत होतं आणि त्यावर नात होडीत बसल्यासारखी वर-खाली होत होती, पण तिने सोडलं नाही.

दाराशी कुजबूज झाली. "झालं का?" यजमान विचारत होते.

"अजून दुसरी बाजू हाय," मी म्हटलं.

मग त्यांची पावलं अंगणात गेली, आणि मी त्यांना हमालांना सांगताना ऐकलं, "आरामात बसा. चहा मांडतो."